१९६६ ची स्टँडर्ड हेरल्ड घरीच उभी करायलोय, जिप्सीचं इंजिन टाकू का? (कोल्हापूर)

पाचगावकर_६६

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या आजोबांची १९६६ ची स्टँडर्ड हेरल्ड हाय, दोन दाराची, आकाशी रंगाची. वडिलांनी २००४ ला शेवटची बाहेर काढली, मग क्लच गेला आणि पाचगावच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये जी लागली ती लागलीच. दोन पावसाळं शेड गळत होतं त्यामुळं ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा पार गेलाय, बोट घातलं की खालची जमीन लागती. गेल्या दिवाळीपासून मी आणि धाकटा भाऊ दर रविवारी तिच्यामागं लागलोय.

इंजिन जाम होतं. चारी प्लग काढून डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल मिसळून आत सोडलं, आठ दिवस तसंच ठेवलं, सेल्फ अजिबात मारला नाही, पुढच्या पुलीच्या नटाला पान्हा लावून रोज थोडं थोडं हलवत राहिलो आणि नवव्या दिवशी फिरलं. भावानं आईला स्वयंपाकघरातनं ओढत आणलं बघायला. आता सुरू होतंय, धूर कमी हाय.

प्रश्न असा की ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटर स्पोर्ट्स कार १९६२ ला ह्याच हेरल्डची (म्हणजे हिच्या मूळ इंग्लिश ट्रायम्फ हेरल्डची) चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून काढलेली, आणि माझ्या डोक्यात आता आपलीबी तशीच पळवायचं बसलंय. एक मेस्त्री म्हणाले हिचं मूळ ९४८ सीसीचं काय घेऊन बसलाय, मारुती जिप्सीचं १३०० सीसी इंजिन पाच गिअरसकट टाका. शिवाय पुढं डिस्क ब्रेक, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), रेडियल टायर करायचंय. इंजिन बदलू का? आणि चालत्या गाडीत पहिला गिअर टाकला की खर्रर्र आवाज येतो, गिअरबॉक्स गेला का? शेडसमोरच्या मोकळ्या जागेतच मागंपुढं करून बघतोय, रस्त्यावर अजून काढली नाही.

उद्यमनगरचा_टर्नर

भावा, इंजिन फिरवलंस ते लय भारी केलंस, पण इंजिनचं नंतर बघू. पुढच्या चाकांचे ट्रनिअन उघडलेस का ते आधी सांग.

हेरल्डमध्ये पुढचं चाक खालच्या बाजूला पितळेच्या ट्रनिअनवर वळतं. वरनं स्टीलची व्हर्टिकल लिंक येती, तिच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ती त्या पितळी तुकड्यात बोल्टसारखी फिरती. तिथं ग्रीस चालत नाही, गिअर ऑइल लागतं, ईपी ९०. आपल्याकडं कुणीबी मेस्त्री असू दे, भोक दिसलं की निपल बसवून ग्रीस गन लावतोय, ते ग्रीस वाळून खडा होतं, आट्यांपर्यंत काहीच पोचत नाही, मग पाणी शिरतं आणि लिंक आट्यांपाशी आतनं गंजत जाती. बाहेरनं काय कळत नाही.

माझ्याकडं हेरल्ड होती तेव्हाची गोष्ट. रविवारी पन्हाळ्यावरनं उतरलो, वाघबीळला चहा घेतला आणि गाडी वळवायला स्टिअरिंग पूर्ण कापलं. वेग माणूस चालतो तेवढा. कडाड आवाज झाला आणि उजवं चाक आडवं होऊन मडगार्डखाली दुमडलं, गाडी नाकावर बसली. बायको आणि दोन पोरं आत. दहा मिनिटं आधी आम्ही गडाचा उतार उतरत होतो. त्या तुटलेल्या लिंकचं टोक अजून माझ्या लेथच्या ड्रॉवरमध्ये हाय, तुटलेल्या जागी निम्म्याहून जास्त भाग काळा पडलेला, म्हणजे चीर लय दिवसांची होती, फक्त शेवटचा चकचकीत चतकोर सगळं वजन धरून होता.

त्यामुळं दोन्ही बाजू खोल. डाव्या उजव्या बाजूचे आटे उलट सुलट असतात, खुणा करून ठेव, अदलाबदल करू नको. पितळी ट्रनिअन उद्यमनगरात कुणीबी चांगला टर्नर करून देईल, पण लिंक वेल्डिंगनं भरून परत आटे पाडायचं कुणी म्हणालं तर तिथनं सरळ उठून ये. ती नवीनच घ्यायची. हे पार्ट इंग्लंडमध्ये अजून बनतात.

पहिल्या गिअरचं म्हणशील तर हेरल्डच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर बिनआवाज बसवणारी रिंग) नसतोच. गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा, नायतर डबल क्लच (मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून परत दाबायचा) शीक. गिअरबॉक्स ठीक हाय.

जुन्या_नंबरवाला

इंजिन बदलायच्या आधी कागदांचा विचार करा, नाहीतर नंतर हळहळ वाटेल. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली चारचाकी त्यात बसते, म्हणजे तुमची बसते, पण अट अशी आहे की गाडी मूळ अवस्थेत पाहिजे, चासी, बॉडी शेल आणि इंजिनमध्ये मोठा फेरबदल नको. जिप्सीचं इंजिन टाकलंत की तो दरवाजा बंद. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर तसाच राहतो. आजोबांच्या हातची ती पाटी राहणार ह्यापेक्षा वेगळं काय पाहिजे हो. नवीन नोंदणी असली तरच 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर सिरीज मिळते. नोंदणी १० वर्षांची असते, पण रोजच्या कामाला गाडी वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच.

व्हिंटेजमध्ये जायचं नसलं तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत मनाने फेरबदल करायला मनाई) आहेच. इंजिन आरसी बुकपेक्षा वेगळं निघालं तर रस्त्यावर त्रास आणि अपघात झाला तर विम्याचा वेगळा त्रास. म्हणून माझं मत, जे बोल्टनं लागतं आणि बोल्टनंच निघतं तेवढंच करा आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट तेल लावून पेटीत ठेवा.

अल्टरनेटर टाकताना आधी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते बघा. त्या काळच्या बऱ्याच गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत. तशीच ठेवून अल्टरनेटर जोडला की त्यातले डायोड लगेच जातात. निगेटिव्ह करून घ्या, कॉइलच्या दोन्ही वायरी उलट लावा, मग जोडा.

आणि पेट्रोल! आता पंपावर ई२० मिळतं, इथेनॉल आपल्याच ऊस पट्ट्यातलं असलं तरी १९६६ च्या रबराला ते सोसत नाही. टाकीपासून सोलेक्स कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्या. जुना पाइप आतून मऊ होतो, तुकडे जेटमध्ये अडकतात, आणि बाहेरून ठिबकलं तर खाली गरम सायलेन्सर आहे.

घाटातला_गडी

वरच्या दोघांनी महत्त्वाचं सांगितलंय, मी ब्रेकचं आणि मागच्या चाकांचं सांगतो. ह्या गाडीचा ब्रेक एकाच लाइनवर हाय, एक पाइप फुटला की चारी चाकांचा ब्रेक गेला, मग हँडब्रेक तेवढा राहतो. म्हणून डिस्क नंतर, आधी सगळे रबरी होज, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचे सील नवीन आणि डॉट ४ ऑइल. डिस्क करायचीच तर स्पिटफायरची पुढची डिस्क ह्याच सस्पेन्शनवर येती, तिची व्हर्टिकल लिंक वेगळी असती. म्हणजे नाहीतरी लिंक मागवायची हाय तर डिस्कवालीच मागव, दोनदा खर्च नको.

मागं स्विंग अॅक्सल हाय, वरनं एक आडवा पाटा. वळणात जोरात शिरून मध्येच अॅक्सिलरेटर सोडला की मागचं बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडी मागनं उचलल्यासारखी होती. मी करूळ घाटात हे अनुभवलंय, गगनबावड्याच्या धुक्यात, हात गार पडले होते. स्पिटफायरलाबी हाच त्रास होता, कंपनीनं १९७० च्या मार्क ४ ला पाट्याची मधली पानं फिरती ठेवून तो कमी केला. आता जिथं ३५ हॉर्सपॉवरला असं होतंय तिथं जिप्सीचं इंजिन टाकून काय होईल बघ. वळणाच्या आधी वेग कमी कर, आत शिरल्यावर हलका अॅक्सिलरेटर धरून ठेव, अशी चालवली तर लय गोड चालती.

फ्लोअरचा पत्रा कापताना गाडी चाकांवर सपाट ठेव आणि दाराच्या चौकटीत आडवी पट्टी टाक्यांनी जोडून घे, नायतर बॉडी बसती आणि दार पुन्हा लागत नाही. खाली चासीचे आउटरिगर (बॉडीला धरणारे बाजूचे आडवे हात) हातोडीनं ठोकून बघ, टण्ण आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तेबी बदल. गंजावर पुट्टी लावून रंग मारू देऊ नको कुणाला.

पाचगावकर_६६

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी पुढचं सगळं बॉनेट उलटं केलं (ह्या गाडीचं हे लय आवडतं, मडगार्डसकट अख्खं तोंड पुढं उघडतं आणि टायरवर बसून काम करता येतं) आणि टर्नर दादांनी सांगितलं तसं डावं ट्रनिअन खोललं. निपल होतंच. आत ग्रीस नव्हतं, काळा खडा होता, स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढावा लागला. ब्रशनं पुसल्यावर शेवटच्या दोन आट्यांत खड्डे दिसले, नखाला लागतात. वडील शेजारी उभे होते, ते म्हणाले आम्ही ह्याच गाडीतनं लहानपणी तुला जोतिबाला न्यायचो. मग बराच वेळ काय बोलले नाहीत.

जिप्सीचं इंजिन रद्द. डिस्कच्या लिंक दोन्ही बाजूच्या मागवतोय, तोपर्यंत गाडी ठोकळ्यांवर. व्हिंटेजला अर्ज करताना पुढचे डिस्क ब्रेक चालतात का तेवढं जुन्या नंबरवाल्या दादांनी सांगावं. दसऱ्याला दसरा चौकात ती मेबॅक निघते ना, तिच्या मागं कुठंतरी लांब का होईना, आईवडलांना आमच्या गाडीत बसवून न्यायचंय.

जुन्या_नंबरवाला

नियमात नावं आहेत ती चासी, बॉडी शेल आणि इंजिनची. तरी पाडव्याच्या आत आरटीओत जाऊन तोंडी विचारून घ्या आणि मूळ ड्रम ब्रेक, त्यांच्या मागच्या बॅकप्लेट जपून ठेवा.

उद्यमनगरचा_टर्नर

उजवं खोललंस की फोटो टाक. पितळ मी टर्न करून देतो, मजुरी नको.