लेकीचे कॉलेजचे अर्ज: ईडी (अर्ली डिसिजन) करावं का? (न्यू जर्सी, वर्षाला कमाल ४० हजार डॉलर)

ओसरी
नमस्कार मंडळी. लेकीचं ज्युनियर इयर (अकरावी) संपत आलंय. १ ऑगस्टला कॉमन ॲप (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) उघडेल आणि घरात आत्तापासूनच सगळ्यांचे आवाज चढायला लागलेत. आम्ही न्यू जर्सीत असतो. तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय. एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) १६०० पैकी १५३०, आठ एपी (शाळेतच घेतलेले कॉलेजच्या तोडीचे विषय), मार्क चांगले. आम्हा दोघांचं मिळून उत्पन्न १ लाख ६५ हजार आहे आणि वर्षाला ४० हजारांच्या वर आम्हाला झेपणार नाही. पाठचा भाऊ दोन वर्षांनी कॉलेजात जाईल. हा आकडा पक्का आहे, तो धरूनच सांगा अशी विनंती.

अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज आणि घेतलं तर तिथेच जायचा करार, करावं का? कन्सल्टंट लावावा का? (एकीनं सहा हजार सांगितलेत.) आणि उन्हाळ्याचा एक पैसे भरून करायचा रिसर्च प्रोग्रॅम आहे, त्याचं डिपॉझिट भरून बसलोय, तो खरंच लागतो का? ॲक्टिव्हिटी म्हणाल तर शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट आणि रोबोटिक्स. बाकी विशेष काही नाही. रात्री झोप लागत नाही हो.

टेकडीवरचा
डोळे मिटून ईडी करा. आमचा मुलगा ईडीनंच लागला. डिसेंबरच्या मध्याला निकाल आला आणि आम्ही सुटलो, बाकीची पोरं मार्चअखेरपर्यंत जिवाला घोर लावून बसली होती. खर्च वर्षाला ९० हजारांच्या वर जातो, पण पोरांच्या शिक्षणात हात आखडता घेऊ नये. आम्ही घरावर कर्ज काढलं. आज तो कुठे आहे ते पाहिलं की ऊर भरून येतो.

मंजिरी_ह
कन्सल्टंटबद्दल मी कळवळून सांगते, नका लावू. आम्ही लावला होता. निबंधाची अकरा रूपं झाली. शेवटचं वाचलं तेव्हा त्यात माझा मुलगा कुठेच नव्हता, कुणी पन्नाशीचा माणूस बोलतोय असं वाटत होतं. पहिल्या कच्च्या मसुद्यात त्यानं आजोबांच्या श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या बदलण्याबद्दल लिहिलं होतं. तो परिच्छेद दुसऱ्याच फेरीत उडवला, 'छोटा विषय आहे' म्हणून. मला तो अजून पाठ आहे.

खडीसाखर
+१ टेकडीवरचा. ईडीच. आणि एसएटी पाठवू नका, हल्ली कुणी बघत नाही.

दुपारचा_चहा
खडीसाखर, हे जुनं झालं. एमआयटीनं २०२२ मध्येच एसएटी परत सक्तीची केली. डार्टमथ, ब्राउन आणि हार्वर्डनं २०२४ मध्ये तेच केलं. येलनंही परीक्षा परत मागितली, फक्त तिथे एसएटी किंवा एसीटीऐवजी एपी, आयबीचे मार्क चालतात. उलट कॅलिफोर्नियाच्या यूसी या सरकारी विद्यापीठांमध्ये एसएटी पाठवली तरी प्रवेशासाठी बघत नाहीत. प्रत्येक कॉलेजचं पान उघडून त्या वर्षीचा नियम वाचायचा, शेजारच्यांना विचारून ठरवायचं नाही. १५३० जिथे चालते तिथे खुशाल पाठवा.

खडीसाखर
मी शेजारच्यांना विचारून सांगितलं नाही. माझ्या भाचीनं न पाठवता प्रवेश मिळवलाय.

दुपारचा_चहा
कुठल्या वर्षी?

खडीसाखर
२०२१.

शून्यप्रहर
एवढ्या वरच्या कॉलेजांचा नाद सोडा असं मी म्हणेन. आमच्या ओळखीतला मुलगा, एसएटी १५९०, ऑलिम्पियाड, सगळीकडून नकार. हार्वर्ड, एमआयटीत शंभरातल्या पाचांनासुद्धा घेत नाहीत. आपल्या राज्याच्या सरकारी विद्यापीठाला, रटगर्सला, काय धाड भरली आहे? डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये दाखवलंय की सारख्याच ताकदीची मुलं घेतली तर अशा वरच्या कॉलेजात गेल्यानं पुढच्या कमाईत सरसकट फारसा फरक पडत नाही. आपण उगाच पोरांच्या मानेवर जू ठेवतो.

टेकडीवरचा
ओळखी होतात त्याचं काय? कमाई म्हणजे सगळं नसतं.

शून्यप्रहर
कर्ज काढून ओळखी विकत घ्यायच्या का?

दुपारचा_चहा
त्याच अभ्यासात गरीब घरच्या मुलांना मात्र फायदा दिसला होता, तेही सांगा ना. अर्धंच का सांगता?

पाऊलवाट
ओसरीताई, इथे कुणी तुमच्या ४० हजारांना उत्तर दिलेलं नाही, म्हणून लिहितोय. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी मी हे सगळं हातानं केलंय.

आज रात्री प्रत्येक कॉलेजच्या साइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरा, मदत वजा जाता तुम्हाला किती पडेल ते त्यात कळतं. २०११ पासून कायद्यानं प्रत्येकाला ते ठेवावं लागतं. टॅक्स रिटर्न शेजारी ठेवून अर्ध्या तासात एक होतं. छापील ९० हजार आणि तुम्हाला पडणारा आकडा यांचा संबंध असेलच असं नाही. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरे आठ जुनी विद्यापीठं) मार्कांवर स्कॉलरशिप नसतेच, सगळी मदत गरजेवर. पण तुमच्या उत्पन्नाला ती गरज मोठी निघू शकते. एमआयटीनं २०२५ च्या फॉलपासून २ लाखांच्या आतल्या, नेहमीसारखी मालमत्ता असलेल्या घरांना ट्यूशन (शिक्षणाची फी) माफ केली आहे. प्रिन्स्टन तर तुमच्याच राज्यात, तिथे अडीच लाखांपर्यंतच्या बहुतेक घरांना ट्यूशन नाही. राहण्या-जेवणाचे मात्र धरा.

आता ईडी. त्या करारावर मुलगी, पालक आणि शाळेच्या काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या होतात. मदत अपुरी निघाली तर सोडवून घेता येतं, हे खरं. पण मग ऐन डिसेंबरात नव्यानं अर्ज करायला धावायचं आणि चार कॉलेजांचे आकडे शेजारी ठेवून बघायची सोय गेलेली असते. ईडीत प्रवेश मिळण्याचा टक्का जास्त दिसतो, त्यात खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलंही मोजलेली असतात. तरीही कॅल्क्युलेटर ४० च्या आत आला आणि मुलीचं एकाच जागी मन असेल, तर मी ईडी करा म्हणेन.

पाठच्या मुलाचंही बघा. २०२४-२५ पासून फाफ्सामध्ये (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) दोन मुलं एकदम कॉलेजात असल्याची सवलत गेली. बऱ्याच खासगी कॉलेजांना लागतो तो सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा अर्ज वेगळा, तिथे अजूनही काहीजण ती धरतात. फोन करून विचारा.

आणि एक विचारतो. तुम्ही म्हणालात 'बाकी विशेष काही नाही'. कुणी सांगितलेलं नसताना पोरगी काय करत बसते?

ओसरी
पाऊलवाट, तुमचं वाचून शांत वाटलं. कॅल्क्युलेटर आज भरते.

कुणी सांगितलेलं नसताना म्हणजे, क्लॅरिनेट दुरुस्त करते. मिडल स्कूलच्या बँडकडे मुलांना वापरायला देतात ती जुनी वाद्यं आहेत. आठवीत असताना एक घरी आणलं, व्हिडिओ बघून उघडलं. आतापर्यंत चौदा झाली. माझ्या जेवणाच्या टेबलावर एका कोपऱ्यात कायम बारीक स्क्रूड्रायव्हर, बुचाचे तुकडे आणि कापसाएवढ्या हलक्या, वाद्याची भोकं झाकणाऱ्या गोल पॅडच्या पुड्या असतात. कुठल्या वाद्याला काय झालं ते वहीत लिहून ठेवते. मी आजवर पसारा म्हणून ओरडत आले. हे अर्जात लिहायचं असतं का?

मंजिरी_ह
अगं हेच तर लिहायचं असतं!

खडीसाखर
नुसती दुरुस्ती नको. संस्था काढा, वेबसाइट करा, तिला संस्थापक म्हणा. आमच्याकडे सगळे तेच करतात.

पाऊलवाट
खडीसाखर, सगळे तेच करतात म्हणूनच नको. ओसरीताई, कॉमन ॲपमध्ये दहा ॲक्टिव्हिटी आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. 'चौदा क्लॅरिनेट' हे त्यात आरामात मावतं. एमआयटीचा अर्ज तर वेगळाच, तिथे चारच ॲक्टिव्हिटी मागतात आणि मोठा निबंध नाही, छोटी छोटी उत्तरं. हातानं काही घडवणाऱ्या मुलांसाठी मेकर पोर्टफोलिओही जोडता येतो. ती वही जपून ठेवा.

शिफारसपत्रांचं उन्हाळ्याआधीच विचारा, सप्टेंबरात शिक्षकांकडे रांग लागते. एमआयटीला एक गणित-विज्ञानाचं आणि एक भाषा किंवा समाजशास्त्रांकडचं लागतं.

शून्यप्रहर
रटगर्सची अर्ली ॲक्शन (लवकरचा अर्ज, पण करार नाही) १ नोव्हेंबरची आहे, ती चुकवू नका एवढंच. पोरगी गुणी दिसते.

टेकडीवरचा
अर्ली ॲक्शन बंधनकारक नसते, त्यामुळे त्यांना तुमची किंमत नसते. ईडी करा, फायदा होतो. रिसर्च प्रोग्रॅमही करून टाका, आमच्या मुलानं केला होता.

ओसरी
तीन आठवड्यांनी लिहितेय. आमचं ठरलं.

कॅल्क्युलेटर भरले. जिथे ईडी करायचं मनात होतं तिथे ५८ हजार आले. एमआयटी आणि प्रिन्स्टन दोन्ही ४० च्या आत. मग पाऊलवाटांनी म्हटल्याप्रमाणे त्यातल्या कशाला ईडी करावी म्हणून बघितलं, तर या दोघांकडे ईडी नाहीच. ईडीवाल्या अजून एका चांगल्या कॉलेजचा आकडा ३९ आला होता, तिथे करा म्हणून हे माझ्या मागे लागले होते. लेक म्हणाली, "आई, मी तिथे सही केली तर ती फक्त घाबरून केलेली असेल." मी गप्प झाले.

तर ईडी कुठेच नाही. १ नोव्हेंबरला एमआयटी आणि रटगर्स, दोन्ही अर्ली ॲक्शन. सप्टेंबरात पिट्सबर्ग, तिथे रोलिंग (अर्ज येतील तसे निकाल) आहे. जानेवारीच्या सुरुवातीला प्रिन्स्टन आणि अजून दोन. कन्सल्टंट नाही. रिसर्च प्रोग्रॅम रद्द केला, डिपॉझिटमधले अर्धेच परत मिळाले आणि त्याचं मला वाईट वाटतंय. त्या सहा आठवड्यांत ती शाळेची उरलेली नऊ क्लॅरिनेट घेऊन बसणार आहे. बँडच्या सरांना शिफारसपत्राचं विचारलं तर त्यांचे डोळेच भरून आले. ते जादाचं पत्र म्हणून देतील, मुख्य दोन फिजिक्स आणि इतिहासाच्या बाईंची.

टेकडीवरचा
ईडी सोडायला नको होती. अजून वेळ आहे, विचार करा.

पाऊलवाट
मी वेगळं सांगितलं होतं, पण लेकीचं बोलणं पटलं. फाफ्सा ऑक्टोबरात उघडला की लगेच भरून टाका.

जास्वंद
मी नुसती वाचत होते, आज लिहिते. माझी धाकटी सहावीत आहे, शाळेचं क्लॅरिनेट घरी आणलंय. खालचे सूर फुटतात आणि ती रडते. तुमच्या लेकीला विचाराल का?

ओसरी
विचारलं. ती म्हणतेय की अगदी पातळ कागदाची बोटभर पट्टी कापा. प्रत्येक पॅडखाली धरून वाद्याची ती की (बटण) हलकेच दाबा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी सारखी अडकली पाहिजे. ज्या बाजूनं सैल निघेल तिथून हवा जातेय. वरच्या तुकड्यापासून सुरू करा, बहुतेक वेळा गळती तिथेच असते. तरी नाही समजलं तर पट्टी अडकवून फोटो टाका म्हणतेय, उजेडात काढा.