अपंगाचा पगार (पेन्शन), यूडीआयडी कार्ड आणि अपंगत्वाचे टक्के : ज्यांनी काढलंय त्यांनी अनुभव लिहा

आमच्या गल्लीत एक पोरगं आहे, २२ वर्षांचं, जन्मापासून डावा हात अधू. अजून अपंगत्वाचा दाखलाच काढलेला नाही, कारण आई म्हणते दाखला काढला की लग्नाला कोण मुलगी देणार. म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांनी आपापलं लिहा, योजनांच्या याद्या चिकटवू नका, त्या सगळीकडं मिळतात.

सुरुवात मीच करतो. उजव्या पायाला पोलिओ. दीड वर्षाचा असताना ताप आला आणि ताप गेला तसा पायही गेला. पहिला दाखला शाळेत असताना काढलेला, त्यावरचा फोटो अजून बघवत नाही, चड्डीवर उभं करून पाय दिसेल असा काढलेला, ५० टक्के. यूडीआयडीसाठी (अपंगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) परत डॉक्टरांच्या बोर्डापुढं जावं लागलं तेव्हा मला वाटलं जुना कागद दाखवायचा आणि यायचं. तसं नाही. कॅलिपर (पायाला बांधायचा पट्ट्यांचा आधार) काढा म्हणाले. पट्टे सोडेपर्यंत मागची लाईन खोळंबली, मग डॉक्टरांनी टेप लावून दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या मोजल्या, पाऊल हातात धरून "वर ढकला" म्हणाले, मी ढकलतोय ढकलतोय आणि पाऊल आहे तिथंच. स्नायूची ताकद ० ते ५ अशी लिहितात, माझ्या घोट्याला ० लिहिलं. सगळं करून निघाले ४५ टक्के! पाय तोच, उलट वयानं जास्त दुखूलालाय, आणि टक्के पाच कमी. घरी येऊन चिडचिड केली, नंतर कळलं की पगाराला फरक नाही, कर्नाटकात ४० च्या वर ७५ च्या आत ८०० रुपये, ७५ च्या वर १४००. कार्डही पिवळंच, ४० च्या खाली पांढरं आणि ८० पासून निळं. फक्त एक करा, कागद हातात आला की काऊंटर सोडायच्या आधी "कायम" लिहिलंय का बघा. माझ्या सोबतच्याचं मुदतीचं निघालं, त्याचा पाय लहानपणीच कापलेला! पाय काय परत उगवणार होता काय?

खानापूर तालुका, दोन्ही पावलं जन्मापासून वळलेली

माझं माहेर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यातलं. लग्नाआधी तिकडच्या संजय गांधी निराधार योजनेचे पैसे यायचे, लग्न होऊन इकडं कर्नाटकात आले आणि ते बंद झाले, ते बरोबरच, पण इकडचं सुरू व्हायला दीड वर्ष गेलं. कार्ड देशभर चालतं पण पगार राज्याचा असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आधी आधारवर पत्ता बदलला, मग यूडीआयडीवर, मग रेशनकार्डात नाव, मग उत्पन्नाचा दाखला (३२ हजारांच्या आत पाहिजे, आणि सासऱ्यांचं उसाचं बिल धरलं की झालं!), मग नाडकचेरीत (महसूल खात्याची गावाजवळची कचेरी) अर्ज. अर्ज कन्नडमधनं, टाईप करणाऱ्यानं माझ्या आडनावातला ळ चा ल केला आणि आडनाव पुढं टाकलं. मंजुरीचा कागद आला, पैसे काही येईनात. बँकेत गेले तर म्हणाले खात्याला आधार जोडलंय पण नाव जुळत नाही. एका अक्षरासाठी सात फेऱ्या, आणि माझ्या चालीनं स्टॅण्डपासून कचेरी म्हणजे अर्धा तास. कन्नड वाचणारं कुणीतरी सोबत न्या आणि सबमिट करायच्या आधी स्क्रीनवर नाव बघून घ्या, लाजू नका.

निपाणीजवळ, मुलगा ९ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हातपायांवर ताबा राहत नाही)

कचेरीत रॅम्प आहे. रॅम्पवर मोटारसायकली लावलेल्या आहेत. पोराला कडेवर घेऊन गेले, नऊ वर्षांचं पोर कडेवर.

टक्क्यांबद्दल सांगते. हाताचे ३० आणि पायाचे ४० म्हणाले, मी आपली ७० धरून बसले. कागदावर ५७. मोठा आकडा धरायचा, ९० मधनं त्यो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्यानं गुणून ९० नं भागायचं, आणि येईल ते मोठ्यात मिळवायचं. एका डॉक्टरीणबाईंनी पावतीच्या मागं लिहून दाखवलं तेव्हा कळलं, नाहीतर मी भांडायलाच निघालेले. निरामय आरोग्य विमा पण काढलाय, १ लाखापर्यंत, थेरपीचे पैसे त्यात बसतात. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व, बहुविकलांग यांनाच आहे, पोलिओवाल्यांनी विचारू नका.

उद्यमबाग, ठेंगूपणा

पगाराचा अर्ज केला नाही, नोकरी आहे. १९९५ च्या कायद्यात उंचीचा विषयच नव्हता, २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार झाले त्यात आमचा नंबर लागला. दाखल्याचा उपयोग इन्कम टॅक्सला, ८०यू खाली ७५ हजार वजावट (८० टक्क्यांपासून सव्वा लाख), पण टॅक्सची जुनी पद्धत निवडली तरच. महिन्याचा व्यवसाय कर पण माफ. ऑफिसातल्या माणसाला हे माहीतच नव्हतं, मी प्रिंट काढून टेबलावर ठेवली.

बेळगाव ग्रामीण, दोन्ही पाय पोलिओ

एजंटाला पैसे देऊ नका रे. माझ्याकडं तीन हजार मागितलेले. पंचायतीत व्हीआरडब्ल्यू (अपंगांसाठी नेमलेला गावचा पुनर्वसन कार्यकर्ता) असतो, बहुतेक वेळा स्वतः अपंगच, त्याला गाठा, फुकटात अर्ज भरून देतो. आणि बसचा पास सोडू नका, वर्षाला ६६० भरले की घरापासून १०० किलोमीटर. बायका आता तशाच फुकट जातात म्हणून आमच्या हिनं माझा पास बघून हसून घेतलं.

धागा काढणारा

सगळ्यांचे आभार, निपाणीच्या ताईंचं गणित मी वहीत उतरवून घेतलं. पोराच्या आईला खानापूरच्या ताईंचं वाचून दाखवलं, दोन्ही पाय वळलेल्या पोरीचं लग्न झालं हे ऐकून ती जरा गप्प बसली, मग "बघू" म्हणाली. काल पोराला स्टुडिओत घेऊन गेलो. आता फोटो नुसत्या चेहऱ्याचा लागतो, हात दाखवायचा नसतो, हे त्याला दोनदा सांगितलं. तरी फोटो काढेपर्यंत डावा हात खिशातच होता त्याचा.