मदत हवी आहे : सुझ्दालमधील लाकडी घरात मुक्काम आणि 19 जानेवारीचे गोठल्या नदीतील स्नान

नमस्कार मंडळी,

आमची मुलगी रशियात वैद्यकीय शिक्षणाच्या चौथ्या वर्षाला आहे. येत्या जानेवारीत मी आणि माझे यजमान तिच्याकडे जाणार असून 17 ते 20 जानेवारी हे दिवस तिघांनी सुझ्दाल या तिथल्या जुन्या गावी काढायचे ठरले आहे. मॉस्कोहून रेल्वेने व्लादिमीर शहर आणि तेथून बसने सुमारे 35 किलोमीटर, असा प्रवास आहे. कामेंका नदीजवळ ओंडक्यांचे एक घर मुलीने पाहून ठेवले आहे. त्यात विटांची मोठी भट्टी आणि आवारात बान्या, म्हणजे त्यांचे वाफेचे स्नानघर आहे.

तारखा मुद्दाम निवडल्या आहेत. येशूने यार्देन नदीत योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, त्या प्रसंगाचा सण रशियन ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या जुलियन पंचांगाप्रमाणे 6 जानेवारीला पाळते आणि तेरा दिवसांच्या फरकामुळे तो आपल्या 19 जानेवारीला येतो. 18 तारखेच्या रात्रीपर्यंत नदीचा बर्फ कापून, पुष्कळ ठिकाणी क्रुसाच्या आकारात, पाणी मोकळे करतात. त्या जागेलाच ते ‘इओर्दान’, म्हणजे यार्देन म्हणतात. धर्मगुरूंनी पाण्यावर प्रार्थना म्हटल्यावर लोक पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने तीन बुड्या मारतात.

गेल्या वर्षी मुलीने तिच्या गावातील छायाचित्र पाठवले होते. कापलेल्या बर्फाची कड हातभर जाड, मधले पाणी काळेभोर, त्यात उतरणारी लाकडी शिडी आणि पाय घसरू नये म्हणून भोवती पसरलेले वाळके गवत. पांढरा लांब सुती झगा घातलेल्या एक आजीबाई नुकत्याच वर आल्या होत्या आणि त्यांच्या केसांची टोके गोठून पांढरी झाली होती. ते चित्र माझ्या मनातून जात नाही. माझे आजोळ वाईचे. माघ महिन्यात पहाटे कृष्णेच्या घाटावर आजीबरोबर केलेल्या स्नानाची हुडहुडी मला अजून आठवते. तिच्या देव्हाऱ्यात गंगेचा सीलबंद गडू असे. रशियात या दिवशी आणलेले पाणी घरोघरी वर्षभर जपून ठेवतात आणि सकाळी उपाशीपोटी घोटभर घेतात, असे मुलीने सांगितले, तेव्हा मला परके असे काही वाटलेच नाही.

माझा पहिला प्रश्न याच संदर्भात आहे. आम्ही ख्रिस्ती नाही. अशा माणसाने भक्तिभावाने त्या पाण्यात उतरणे तेथील लोकांना रुचते का, की ती घुसखोरी वाटते? बुडी मारणे सक्तीचे नाही आणि तेवढ्याने पापे धुतली जात नाहीत, असे त्यांचे चर्चच सांगते. खरे महत्त्व प्रार्थनेला आणि पाण्याच्या आशीर्वादाला आहे. क्रुसाची खूण आम्ही केली नाही तर तो अनादर ठरेल का? आम्हाला मनापासून सहभागी व्हायचे आहे. कोणाच्या पूजेत जाऊन हौस भागवून यायचे नाही.

दुसरा प्रश्न अधिक काळजीचा आहे. यजमान 61 वर्षांचे असून सहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी घेतात. थंडगार पाण्यात शिरताच श्वास अडकतो आणि नाडी व रक्तदाब एकदम चढतात, म्हणून आमच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट नकार दिला आहे. तरीही, आधी बान्यात अंग तापवले की काही होत नाही, असे घरमालकांनी कळवल्यापासून ते हट्ट धरून बसले आहेत. माझ्या मते तापलेल्या अंगाने एकदम शून्याजवळच्या पाण्यात जाणे त्यांच्यासाठी अधिकच धोक्याचे आहे. बचाव पथक आणि वैद्यकीय मदत काठावर असते हे खरे, पण म्हणून जाणूनबुजून जोखीम पत्करावी का? त्यांनी काठावर थांबून प्रार्थना ऐकली, तोंडावर पाणी घेतले आणि बाटली भरून आणली, तर तेवढ्याने सहभाग पुरा होतो, हे कोणी अनुभवी माणसाने त्यांना पटेल असे लिहावे, ही विनंती.

मी स्वतः उतरणार आहे. माझ्या सर्व तपासण्या व्यवस्थित आहेत. केस कोरडे ठेवून गळ्यापर्यंतच बुडी घेतली तर चालते का? शिडीपर्यंत लोकरीचे मोजे घालून जावे की रबरी चपला? बाहेर आल्यावर कपडे बदलायला उबदार तंबू सगळीकडे असतो का? दारू घेऊन उतरू नये, एवढे ठाऊक आहे.

भारतातील व्हिसा आणि मास्टरकार्ड तेथे चालत नाहीत, म्हणून पैशांची सोय मुलगीच पाहणार आहे. त्याची चिंता नाही.

घरमालकांना या महिनाअखेर होकार कळवायचा आहे. ज्यांनी हे स्नान स्वतः केले आहे किंवा काठावरून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. मी सर्व उत्तरे यजमानांना वाचून दाखवणार आहे.