टेरी फॉक्स रनला सहकुटुंब जावे का?

मिसिसागाकर:
आम्ही गेल्या हिवाळ्यात पुण्याहून कॅनडातल्या मिसिसागाला आलो. मुलीच्या शाळेतून टेरी फॉक्स रनची, म्हणजे कर्करोगाने पाय गमावलेल्या टेरी फॉक्स या तरुणाच्या नावाने कर्करोग संशोधनासाठी देणगी गोळा करणाऱ्या धावेची, चिठ्ठी आली असून सोबत दोन डॉलरचे नाणे, म्हणजे इथली टूनी, पाठवायला सांगितले आहे. शाळेतली धाव होईलच, पण सप्टेंबरमध्ये रविवारी होणाऱ्या मोठ्या धावेलाही घरच्या सगळ्यांनी यावे असा तिचा हट्ट आहे. ती सात वर्षांची आहे आणि धाकटा अजून बाबागाडीत बसतो. सासूबाई सध्या आमच्याकडे आल्या आहेत. काही वर्षांपूर्वी त्या स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झाल्या, मात्र गुडघे दुखतात. आमच्या घरात आजवर कोणी धावलेले नाही. आम्ही गेलो तर चालेल का, शुल्क किती असते आणि टेरीची गोष्ट एवढ्या लहान मुलीला कितपत सांगावी?

पाऊलवाट:
अवश्य जा. या धावेला प्रवेशशुल्क नाही, विजेता नाही, पदक नाही आणि वेळही कोणी मोजत नाही. टेरीने आपल्या नावाचा वापर कोणत्याही कंपनीला जाहिरातीसाठी करू दिला नव्हता, आणि त्याच्या पश्चात ही धावही त्याच वळणावर ठेवली गेली आहे. बहुतेक ठिकाणी लोक चालतात, सायकली आणतात, बाबागाड्या ढकलतात. तरी आपल्या ठिकाणची वाट पक्की आहे की खडीची, हे आधी पाहून ठेवा, कारण लहान चाकांची गाडी खडीवर ढकलताना हात भरून येतात. अंतर प्रत्येक ठिकाणी वेगळे असते आणि ते पूर्ण करण्याचे बंधन नसते. सासूबाईंना जेवढे झेपेल तेवढे चालू द्या आणि तिथून परत फिरा. ही धाव साधारणतः लेबर डेनंतरच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या) दुसऱ्या रविवारी असते. तेव्हा सकाळी बऱ्यापैकी गारवा असतो आणि दुपारी ऊन तापते, म्हणून काढून ठेवता येईल असा स्वेटर घाला.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कर्करोगातून बरे झालेल्यांना इथे ‘टेरीज टीम’ म्हणतात आणि ते लाल टी-शर्ट घालतात. आपल्याकडे या आजाराबद्दल घरातसुद्धा दबक्या आवाजात बोलले जाते, त्यामुळे सासूबाईंना आधी एकांतात विचारा. मुलीसमोर किंवा ऐन मैदानावर विचारलेत, तर त्यांना नाही म्हणणे अवघड जाईल.

खडूफळा:
मी प्राथमिक शाळेत शिकवते. सात वर्षांच्या मुलांना ही गोष्ट नीट समजते, फक्त क्रम सांभाळावा. आधी धाव सांगा, आजार नंतर. 12 एप्रिल 1980 रोजी टेरीने न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला आपला कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि पॅसिफिकच्या दिशेने धावायला सुरुवात केली. तो रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, म्हणजे 42 किलोमीटरच्या आसपास धावत असे. हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला होता. कृत्रिम पाय पुढे यायला वेळ लागत असल्याने तो डाव्या पायावर एक जादा उडी घेई. मुलांना ही लंगडी चटकन कळते आणि ती स्वतःही घालून पाहतात.

143 दिवसांत 5,373 किलोमीटर अंतर कापल्यावर, थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले, कारण कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. जून 1981 मध्ये, बावीस वर्षांचा असताना तो गेला. हे लपवू नये, असे माझे मत आहे. वर्गात कोणीतरी सांगतेच. आपल्या घरात मात्र मुलगी पुढचा प्रश्न आजीबद्दलच विचारणार, तेव्हा आजी बरी झाली आहे आणि अशा संशोधनासाठीच हे पैसे गोळा होतात, हे लगेच सांगता येईल. त्याच्या नावाची पहिली धाव 1981 च्याच सप्टेंबरमध्ये झाली.

हिशेबनीस:
थोडे पैशांविषयी. प्रवेशशुल्क नाही म्हणून रिकाम्या हाताने जाऊन यायचे, असा अर्थ कृपया घेऊ नये; देणगी गोळा करणे हेच मुख्य काम आहे. त्यासाठी ही धाव भरवणाऱ्या टेरी फॉक्स फाउंडेशन या संस्थेच्या संकेतस्थळावर कुटुंबाचे पान तयार करता येते. कार्यालयात पैसे मागायला आपल्या लोकांना संकोच वाटतो, पण गणपतीची वर्गणी मागताना तो कुठे जातो? आपण का चालणार आहोत हे दोन ओळींत लिहा, दुवा पाठवा आणि मागे लागू नका.

टूनी डब्यात टाकली की तिची पावती मिळत नाही. मोठी रक्कम द्यायची असेल तर स्वतःच्या नावाने ऑनलाइन द्यावी. पती-पत्नीच्या देणग्या एकाच्याच विवरणपत्रात एकत्र दाखवता येतात, आणि वर्षाच्या पहिल्या 200 डॉलरच्या पुढील रकमेवर कर-सवलतीचा दर जास्त असल्याने ते सहसा फायद्याचे ठरते. ही सवलत कॅनडाच्या करापुरती आहे, म्हणून पुण्याच्या नातेवाइकांना पैसे पाठवायला सांगण्याआधी तेवढे स्पष्ट करा.

मिसिसागाकर:
सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना एकांतात विचारले. त्या येणार आहेत, पण लाल शर्ट नको म्हणाल्या. साडीवर तो विचित्र दिसेल हे त्यांनी दिलेले कारण मी तसेच मान्य केले आहे. देणगीचे पान आज रात्री तयार करते. खडीच्या वाटेवर चालेल अशी मोठ्या चाकांची बाबागाडी दोन दिवसांसाठी कोणाकडे उसनी मिळेल का?