धाकट्या जावेसाठी अंगणवाडीचा आहार हवाय, मानखुर्दला नाव कसं लावायचं?

शिवडीची वहिनी
नमस्कार. माझी धाकटी जाऊ जूनमध्ये परभणीहून मुंबईत आली. दीर बिगारी कामाला जातो, मानखुर्दला भाड्याची खोली आहे. तिला पाचवा महिना आहे आणि दीड वर्षाचा मुलगा कडेवर. दोघांची तब्येत बघवत नाही. गावी अंगणवाडीतून पाकिटं मिळायची. इथे ती एकटीच गेली, तर "तुमचं नाव गावाला, रेशनकार्डही तिकडचं, इथे होणार नाही" म्हणून परत पाठवलं. गप्प घरी आली, आता पुन्हा जायला तयार नाही. खरंच होत नाही का? कागद काय न्यायचे? मंगळवारी माझी सुट्टी आहे, मी सोबत जाईन.

चाळकरी
आधी मुंबईचं रेशनकार्ड करून घ्या. त्याशिवाय इथे काही हलत नाही.

सेविका पूर्व उपनगर
चाळकरी, तसं नाही हो. त्यांना रेशन ऑफिसच्या चकरा मारायला लावू नका. मी स्वतः अंगणवाडी सेविका आहे, म्हणून नीट सांगते.

आहारासाठी रेशनकार्ड लागत नाही, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर बाईला, बाळंतपणानंतर सहा महिने आईला आणि सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला हा आहार फुकट मिळायचाच आहे. तुमच्या घरातले दोघेही त्यात बसतात, त्यामुळे दोघांची नावं वेगवेगळी लावा. आईच्या वाट्याला दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं, मुलाच्या वाट्याला ५०० कॅलरी, असं प्रमाण ठरलेलं आहे.

गावचं नाव पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदणी ॲपवरून इकडच्या केंद्रात वळवता येतं. गावच्या सेविकेचा नंबर जवळ ठेवा आणि तिथेच तिचं आणि इथल्या सेविकेचं बोलणं करून द्या. आईचं आधार, मुलाचा जन्मदाखला आणि दवाखान्याचं माता-बाल कार्ड न्या. आधारला कोणता मोबाइल जोडलाय ते आधी बघा. बहुतेक घरांत तो नवऱ्याचा असतो, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो साइटवर चौथ्या माळ्यावर असतो! त्याला सकाळीच सांगून ठेवा.

माझ्या सेविका बहिणींची बाजूही सांगते. एका खोलीत मुलं, वजनं, सर्वे आणि त्यात हे ॲप. नवीन नाव म्हटलं की जीव दमतो. पण म्हणून पोटुशी बाईला दारातून परत पाठवायचं नसतं. यावेळीही नाही म्हणाले तर मुख्य सेविकेला, म्हणजे सेविकांवर देखरेख करणाऱ्या बाईंना भेटा, तिथेही झालं नाही तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १५१५ हा पोषण हेल्पलाइनचा टोल फ्री नंबर आहे.

मातृवंदना योजनेचं, म्हणजे बाळंतपणासाठी सरकारकडून मिळणाऱ्या पैशांचं लक्षात ठेवा. पहिल्या बाळाला ५००० रुपये असतात. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच ६००० मिळतात, आणि जन्मापासून २७० दिवसांत अर्ज करावा लागतो.

चाळकरी
माहीत नव्हतं, चुकीचं सांगितलं, माफ करा. रेशनचंही एक सांगतो, गावचं कार्ड आधारशी जोडलेलं असेल तर धान्य मुंबईतल्या दुकानातही उचलता येतं.

डाळतांदूळ
पाकीट घरात येईल, पण तिच्या पोटात जाईल याची खात्री करा. आमच्याकडे पाकीट फुटलं की चार ताटांत वाटलं जायचं आणि जिच्यासाठी आणलं ती शेवटी कढई पुसून खायची. दिराला समोर बसवून सांगा, एवढा डबा तिचा आणि एवढा लेकराचा.

पाकिटातल्या पिठाची चव नुसती पाण्यात शिजवून लागत नाही. कोरडंच मंद आचेवर खमंग भाजा. गोड पीठ असेल तर भाजताना चमचाभर तूप घाला आणि बाळाला दुधात पातळ करून द्या. तिखटमिठाचं असेल तर कांदा, कोथिंबीर, तीळ घालून थालीपीठ थापा, मधे भोक पाडून तेल सोडा. माझ्या लेकीने गरोदरपणात पाचव्या महिन्यापासून तेच खाल्लं.

धारावीची मावशी
१९७५ साली देशात ही अंगणवाडीची योजना सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या ३३ प्रकल्पांत आमची धारावी होती. बाहेरून आलेल्यांचीच तर ही वस्ती. गावाला नाव आहे म्हणून परत पाठवलेलं ऐकून वाईट वाटलं.

मुलाचा दंडघेर मोजायला सांगा. पट्टी असते, लाल, पिवळी, हिरवी. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला तर पाकिटाची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी पालिकेच्या रुग्णालयात दाखवा.

शिवडीची वहिनी
आज जाऊन आलो. मी सोबत होते म्हणून असेल, पण बाईंनी बसवून घेतलं. परभणीच्या सेविकेशी बोलणं झालं, त्या नाव इकडे सोडतायत. ॲपने दोनदा तिचा चेहरा घेतला नाही. मग डोक्यावरचा पदर मागे घेतला, दारात उजेडाला उभं केलं, पापण्यांची उघडझाप करायला सांगितली, तेव्हा झालं. मुलाचा दंडघेर १२.१ भरला, म्हणजे पिवळ्यात. दर महिन्याला वजनाला आणा म्हणाल्या. पाकिटं पुढच्या वाटपात मिळतील.

एक विचारायचं राहिलं. मुलगा अजून अंगावर पितो. आता पाचव्या महिन्यात चालतं का?

सेविका पूर्व उपनगर
एकदम तोडू नका. तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारून घ्या. त्याला वरचं खाणं मात्र दिवसातून चार-पाच वेळा द्याच, आणि तिच्या लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ देऊ नका.