‘बॉर्डर’मधल्या दोस्तांत आपला कोणी का नाही?

मंडणगडी
परवा टीव्हीवर पुन्हा ‘बॉर्डर’ लागला. जे. पी. दत्तांचा, १९९७ चा. तेव्हा आमच्या बौद्धवाडीत भाड्यानं व्हीसीआर आणून अंगणात लावलेला. बाबा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले. मध्येच म्हणाले, “हे एका लंगरात जेवतात ते दाखवलं. सुट्टीवर कोण कोणाच्या घरी जेवतो ते नाही दाखवणार.” आम्हाला सनी देओलची गर्जना ऐकायची होती. त्यांना गप्प बसवलं.

बाबांचा पलटणीतला दोस्त ओडिशाचा, आडनावावरून उच्च जातीचा. आत्याच्या लग्नाला आला होता. बाबा त्याला गाव दाखवायला घेऊन गेले, तर वरच्या वाडीत एका घरी त्याला ओटीवर बसवून चहा दिला, बाबांना खाली अंगणात. तो कप घेऊन उठला आणि अंगणात बाबांशेजारी येऊन बसला. कोणी काही बोललं नाही. हा प्रसंग पडद्यावर आला असता तर शिट्ट्या पडल्या असत्या, पण लिहिणार कोण?

आणि हे काय आडवळणाचं आहे? बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ आमच्याच तालुक्यातल्या आंबडव्याचे. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा महाडजवळच्या रावढळचे फौजी पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये.

तर विचारायचं हे, की फौजी दोस्तीच्या जुन्या सिनेमात कांबळे, जाधव, मोहिते असा एखादा मित्र कोणाला आठवतो का? आचारी किंवा पहिल्या गोळीत मरणारा नको.

माजी सैनिक, माणगाव
भाऊ, ‘बॉर्डर’मधली लढाई १९७१ ची, लोंगेवालाची. तिथं पंजाब रेजिमेंटची २३ वी पलटण, २३ पंजाब होती. त्या रेजिमेंटमध्ये मुख्यतः शीख आणि डोगरा. तिथं कांबळे घुसवला असता तर मीच हसलो असतो. तक्रार करायचीच तर दुसरी करा. त्या लढाईत आपले दोन जवान गेले, सिनेमात किती मारलेत मोजा. बीएसएफचे भैरोसिंग तर पडद्यावर शहीद झाले, प्रत्यक्षात २०२२ पर्यंत जिवंत होते.

पण दोस्तीचं बरोबर बोललात. मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. जवान बहुतेक आपल्याकडचे, अधिकारी कुठलेही. आमचे एक केरळचे साहेब असं मराठी बोलायचे की पोरं शिवी द्यायला घाबरायची. माणगावच्या तहसील कचेरीत यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचे, १९४४ मध्ये इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांच्यावर कोणी का काढत नाही, ते विचारा.

मुरुडवाली
‘प्रहार’ विसरलात की काय! १९९१, दिग्दर्शन नाना पाटेकरांचं, आणि माणूस आमच्या मुरुडचा. त्यातले कमांडो शिकवणारे मेजर चव्हाण आणि त्यांचा चेला पीटर डिसोझा. पीटर बेकरीवाल्याचा मुलगा, दारू ढोसून गिटार वाजवणारा ‘फिल्मी ख्रिश्चन’ नाही. हप्ता द्यायला नकार देतो म्हणून मारला जातो. उस्ताद-चेल्याचं नातं दोस्तीत धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी धरते. जात मात्र त्यातही कोणी काढत नाही.

बायकांचं तर बोलूच नका. ‘बॉर्डर’मध्ये तब्बूसारखी नटी घेऊन तिला काय दिलं? माझी आई वडील सीमेवर असताना भाताची लावणी उरकायची, वर सासूचं औषधपाणी.

खाडीपलीकडचा
अस्सलाम. ‘बॉर्डर’मधला जळत्या घरातून कुराण वाचवण्याचा प्रसंग आमच्या मोहल्ल्यात फार गाजला होता, मलाही आवडतो. पण मुख्य दोस्तांत मुसलमान जवान नाहीच. १९६५ च्या युद्धातले परमवीरचक्रवाले अब्दुल हमीद ग्रेनेडियर्स रेजिमेंटचे होते, म्हणजे माणसं नव्हती असं नाही. वाचवून घेणारे म्हणून आम्ही चालतो, खंदकात शेजारी बसणारे म्हणून नाही.

मंडणगडी
काका, २३ पंजाबचं पटलं, त्या सिनेमापुरतं. पण पुढच्या सिनेमाला पलटण निवडायची असते ना, ती निवडतानाच आम्ही सुटतो. मुरुडवाली ताई, ‘प्रहार’ आज रात्री बघतो. खाडीपलीकडच्या दादा, तुमचं शेवटचं वाक्य बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, “त्याला घरी बोलव.” बाणकोटकडे असाल तर खरंच या.