दुसरीच्या मुलांसाठी जोडाक्षरांचं अ‍ॅप करतोय, मदत हवीये

चौथाबाक: डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, चार जणांची टीम. चित्रं, आवाज, अ‍ॅनिमेशन सगळं घेतलंय. पण गोडो ३ (गेम-अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये 'शक्ती' लिहिलं की क चा पाय मोडलेलाच दिसतो आणि 'कि' ची वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते, त्यात नुसत्या आवाजाच्या फायलीच १२० एमबी झाल्यात, आणि प्रत्येकाने आपापलं करून जोडायला बसलो तर काहीच जुळेना. ७ आठवडे उरलेत.

रात्रपाळी: गोडो ४ वर जा, मार्च २०२३ मध्ये आलंय, त्यात देवनागरी नीट जुळते. फॉन्ट मुक्ता घ्या, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, फुकट आहे. आवाज वेव्हमध्ये ठेवलाय ना? स्टिरिओ वेव्हला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, बोलण्याला मोनो (एकाच चॅनेलचं) ऑग, म्हणजे दाबून लहान केलेली फाईल, भरपूर झालं.

पाटीपेन्सिल: खरी अडचण जोडण्याची आहे. आम्हीही हेच भोगलंय, चित्रं एका मापाची, स्क्रीन दुसऱ्याच मापाची. बाकी सगळं थांबवा आणि फक्त 'क्त' चा एक धडा चौघांनी मिळून पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण करा, आधी कागदावर चौकटी काढून.

गुरुजी_दुसरी: आणि तो एक धडा घेऊन लगेच शाळेत जा. माझ्या वर्गातल्या मुलीने असंच एक अ‍ॅप उघडलं, 'पुढे जा' बटणाकडे बघितलंसुद्धा नाही, सारखी भाकरीच्या चित्रावर बोट ठेवत राहिली कारण आवाज तिथून येईल असं तिला वाटलं. तो आवाज तिथे टाकाच.

चौथाबाक: शनिवारीच जातो सर, मनापासून आभार!